दोन रिंगा

आमच्या घरात कामावर गेलेल्या माणसाचा फोन उचलत नाहीत. रविवारी उचलतात, सणासुदीला उचलतात, मामाचा असला तर उचलून कानापासून हातभर लांब धरतात, कारण मामा फोनवर बोलत नाही, ओरडतो. पण कामावरून आलेला फोन दोनदा वाजतो आणि बंद होतो. आई "हां" म्हणते आणि हातातलं काम पुढे सुरू करते.

याला कारण आहे. आमचं गाव बोईसर-तारापूर रस्त्यापासून थोडं आत. चिकूची वाडी आहे, नारळ आहेत, परसात आईची भाजी आहे, पण नुसत्या वाडीवर आता कोणाचं भागतं? म्हणून बाबा कारखान्यात ऑपरेटर होते. त्या सगळ्या कारखान्यांच्या भागात कधी तरी, कुठल्या तरी कंपनीत काहीतरी फुटायचं. धडाम्! फळीवरची भांडी थरथरायची, कुत्री भुंकायची, आणि अख्खा गाव रस्त्यावर येऊन धूर कुठल्या बाजूला दिसतोय ते बघायचा. ज्यांचं माणूस शिफ्टला असेल त्या घरातल्या बायका तेवढ्या गप्प असायच्या. मग बाबांनी घरात कायदाच केला. आवाज झाला की ते मिळेल त्या फोनवरून दोन रिंगा देणार आणि ठेवून देणार. "दोन रिंगा म्हंजे मी धड हाय. तिसरी वाजली तर उचला. तिसरी म्हंजे माझ्या जागी दुसरा कोनतरी बोलतोय."

बाबांच्या सगळ्या नोकरीत तिसरी रिंग वाजली नाही, देवाची कृपा. पण आई तिसऱ्या रिंगेला जेवढी घाबरते तेवढी सापालाही घाबरत नाही, आणि आमच्या वाडीत साप भरपूर.

पुढे बाबा निवृत्त झाले आणि मी तिथेच एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये लागले. कायदा माझ्याकडे आला. कुठे काही फुटो न फुटो, मी कंपनीच्या बसमधून उतरले की दोन रिंगा द्यायचे. पोचले, धड आहे. सालवडला बसमध्ये चढणारी पॅकिंगची एक बिहारची मुलगी मला हसायची, "दीदी, कभी बात तो करो!" कशाला बोलायचं? संध्याकाळी घरीच तर जाणार होते.

गेल्या वर्षी मला आयर्लंडमध्ये नोकरी लागली. काम तेच, गोळ्या तपासायचं. करार एका वर्षाचा. मी जन्मात कधी एकटी राहिले नव्हते, एकटी झोपलेसुद्धा नव्हते. आमच्या घरात कोणी ना कोणी घोरत असायचंच. ही बातमी फुटल्यावर गावात जो तो सल्ला द्यायला तयार. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाईमानसानं एवढं लांब?" मी म्हटलं, "काकू, तुमच्या मुलाला दुबईला पाठवताना कोणाला विचारलं होतंत?" उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझ्याबद्दल आई उगाच म्हणत नाही. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा मात्र बोईसर स्टेशनवर भेटेल त्याला थांबवून सांगत होते. इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की मी आता नाही म्हटलं असतं तर त्यांना गाव सोडावं लागलं असतं.

सुरुवातीला मजा आली. खोटं कशाला बोलू, मजाच होती. स्वतःची किल्ली, स्वतःची चूल, आंघोळीला कोणी "आटप गं" म्हणून दार वाजवत नाही. तिथे बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. मीही म्हणायला लागले. बोईसरला रिक्षावाल्याला थँक्यू म्हटलं तर तो सुट्टे कमी दिलेत की काय म्हणून मोजून बघेल. मी समुद्रावर एकटी गेले, हॉटेलात एकटीने बसून जेवले, चुकीच्या बसमध्ये बसून भलत्याच गावाला जाऊन आले आणि कोणाला सांगितलं नाही. हे सगळं पहिल्यांदाच. फक्त एवढं पहिल्यांदाचं घडलं की ते घरी कोणाला तरी सांगायचं असतं, आणि घर म्हणजे दुकानाच्या वरची एक खोली.

मासे आणायला गेले तर काचेच्या मागे सगळे बिनडोक्याचे. डोकं नसलेल्या माशाचं कालवण कसं करतात ते त्यांनाच ठाऊक. मी दुकानदाराला डोकी मागितली. त्याने विचारलं, "मांजरासाठी का?" आता याला काय सांगायचं? मी हो म्हटलं. त्याने पिशवी भरून डोकी फुकट दिली. मी चिंच-मिरची लावून झकास कालवण केलं आणि भिंतीकडे तोंड करून एकटीनेच ओरपलं. पुढच्या खेपेला त्याने मांजराची चौकशी केली. त्याच्या पुढच्या खेपेला नाव विचारलं. मी दिलं ठोकून काहीतरी. मग दर शनिवारी तो विचारायचा, बरं आहे ना, खातंय ना नीट, थंडीत बाहेर तर सोडत नाहीस? मी म्हणायचे, बरं आहे, खातंय. त्या गावात माझ्या नसलेल्या मांजराची चौकशी व्हायची आणि माझी व्हायची नाही.

तसं ऑफिसमध्ये सगळे विचारायचे की, कशी आहेस म्हणून. विचारता विचारता पुढे जायचे. वाईट नव्हती ती माणसं, खरंच नव्हती. पण आमच्याकडे "कुठं चाललीस?" विचारणारं माणूस उत्तर मिळेपर्यंत वाट अडवून उभं राहतं. तेव्हा त्याचा काय राग यायचा मला! तिथे कोणी वाट अडवेना.

सुरुवातीला मी रिंगा द्यायचं सोडूनच दिलं होतं. तिकडच्या आणि इकडच्या घड्याळांचा मेळ नाही, आणि तिथे फुटतंय काय डोंबल? मग एका सकाळी मी बसची वाट बघत असताना मागे धाडकन आवाज झाला. रिकाम्या काचेच्या बाटल्यांचा मोठा पेटारा कचऱ्याच्या गाडीवाल्याने गाडीत उलटा केला होता. माझ्या डोक्याला काही कळायच्या आत हाताने फोन काढून घरी दोन रिंगा दिल्यासुद्धा. मग मी इकडेतिकडे बघितलं. शेजारची बाई शांतपणे सफरचंद खात होती. मला हसू आलं. थोड्या वेळाने आईचा मेसेज आला, नुसता अंगठा. त्या दिवसापासून मी पुन्हा रोज रिंगा द्यायला लागले. बस आली की दोन रिंगा, थोड्या वेळाने आईचा अंगठा. तेवढं झालं की मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा.

थंडीत तिकडे दुपारीच अंधार पडतो. त्या दिवसांत मला ताप आला. तीन दिवस अंथरुणात होते. पाणी मीच आणायचं, पिऊन भांडं मीच विसळायचं. घरी साधी शिंक आली तरी आई तव्यावर ओवा गरम करून छातीला शेकायला यायची आणि मी तिच्यावर खेकसायचे. या तीनही दिवशी मी अंथरुणातून, अंगावर दोन स्वेटर चढवून, बसच्या वेळेला दोन रिंगा दिल्या. पोचले, धड आहे. आईचा अंगठा आला.

रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. बाबा फोन असा धरायचे की मला अर्धा वेळ पंखा दिसायचा. "मजा हाय ना?" बाबा विचारायचे. "हो." "जेवलीस का?" आई विचारायची. "हो." मग काकू डोकावून "बारीक झालीस गं" म्हणायच्या, मग बाबा वाडीतले चिकू दाखवायचे, मग मामा ओरडायचा आणि कॉल संपायचा. एकदा बाबा फोन घेऊन घरभर फिरले तेव्हा माझी खोली दिसली. माझ्या पलंगावर पेपर पसरून त्यावर सुके बोंबील! "दांडीच्या मासेवाल्या मावशीकडून घेतले," आई म्हणाली, "तुझी खोली मोकळीच हाय म्हनून पसरले." मी म्हटलं, "अगं, माझी गादी आहे ती!" आई म्हणाली, "तू कुठं झोपतेस आता तिच्यावर?" सगळे हसले. मीही हसले.

त्याच सुमारास आमच्या भागात पुन्हा एका कंपनीत स्फोट झाला. कोणाला फार लागलं नाही, पण आवाज लांबवर गेला होता. मला दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर कळलं. मी रविवारची वाट न बघता बाबांना मेसेजवर झापलं, मला कोणी सांगितलं का नाही? बाबांचं उत्तर आलं, "तुला कशाला सांगायचं? तू काय शिफ्टला होतीस?" बरोबरच होतं त्यांचं. पण मला इतकं लागलं म्हणून सांगू! म्हणजे आता धडाम् झालं की रस्त्यावर येणाऱ्यांत मी नाही, आणि जिच्यासाठी घरचे गप्प होतात तीही मी नाही.

वर्ष संपत आलं तसं कंपनीने विचारलं, अजून दोन वर्षं राहशील का? शुक्रवारपर्यंत सांग. लोकांना हे असं मिळत नाही, मला ठाऊक आहे. पण मला राहायचं नव्हतं. आणि आपण होऊन परत जायचीही हिंमत नव्हती. एवढी भांडून आले, काकूंना एवढं बोलले, बाबांनी एवढा गाजावाजा केला, आणि आता करमत नाही म्हणून परत जायचं? कोणत्या तोंडाने? मला फक्त एक हवं होतं. घरातल्या कोणीतरी एकदा "ये" म्हणावं. पुढचं सगळं मी बघून घेतलं असतं.

म्हणून त्या रविवारी मी मुद्दाम विषय काढला. कंपनी दोन वर्षं थांब म्हणते. बाबा उडालेच, "बघा, सोडत नायत हिला!" आणि फोन तसाच हातात घेऊन काकूंना सांगायला पडवीत गेले. मी आईला मागितलं. आई पडद्यावर आली आणि म्हणाली, "तुला बरं वाटंल तसं कर." मग म्हणाली, "जेवलीस का?" माझं डोकंच फिरलं. नेटवर्क गेलं असं सांगून मी फोन बंद केला. कसलं नेटवर्क जातंय तिकडे.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी रिंगा दिल्या. अंगठे आले. गुरुवारी सकाळीही दिल्या, पण जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच मी बाहेर गाड्या लावतात तिथे जाऊन उभी राहिले आणि घरी फोन लावला. आईशी एकटीशी बोलायचं, सगळं सांगायचं, असं पक्कं ठरवून लावला. पण ठरवताना मी एक गोष्ट साफ विसरले. माझा फोन आमच्या घरात कोणी उचलत नाही.

पहिली रिंग वाजली, दुसरी वाजली, तिसरी वाजली, वाजत राहिली आणि बंद पडली. मला वाटलं आई वाडीत असेल. पुन्हा लावला. पुन्हा वाजून वाजून बंद. काय चाललंय काय यांचं? तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आई देवापाशी दिवा लावत होती. तिसरी रिंग ऐकली आणि ती मटकन खालीच बसली. तिच्या ओरडण्याने बाबा वाडीतून धावत आले, काकू आल्या. फोन मध्ये पाटावर वाजतोय आणि तिघं त्याच्याभोवती उभी. बाबा हात पुढे करायचे आणि आई त्यांचा हात धरायची, "नको, नका उचलू."

तिसऱ्यांदा लावला तेव्हा बाबांनी उचलला. "कोन बोलतंय?" त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही.

"बाबा, मीच आहे."

"तू? तूच बोलतेयस? कुठं लागलं?"

"कुठंच नाही लागलं."

"हातपाय?"

"आहेत, बाबा."

"मग फोन कशाला केलास?"

ठरवलेलं सगळं डोक्यातून पळालं. मी म्हटलं, "मला करमत नाही. बाबा, मला इथे अजिबात करमत नाही." हे वाक्य मी वर्षभरात स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलले नव्हते.

"एवढंच ना?" बाबा म्हणाले. मग तोंड फिरवून ओरडले, "अगं काय नाय! धड हाय ती! करमत नाय म्हनते नुसती!" तिकडे आई मोठ्याने रडली, आणि काकूंचं हसणं ऐकू आलं, "जीव घेतलास गं बये!" बाबाही हसायला लागले. "असं घाबरवू नको परत," ते म्हणाले. "ठेव आता, आईला पानी देतो."

फोन बंद झाला. वर्षभर पोटात धरून ठेवलेलं एकदाचं बोलून दाखवलं, आणि घरात आनंदीआनंद! मला असा संताप आला. ज्यांना मी धड आहे एवढंच पुरतं त्यांच्यासाठी कशाला जीव काढायचा? राहते म्हणावं दोन वर्षं, दहा वर्षं राहते. मी आत जाऊन काम केलं. संध्याकाळी खोलीवर भात टाकला, तो करपला, तसाच खाल्ला. उद्या गेल्या गेल्या होय म्हणून सांगायचं ठरवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी बसस्टॉपवर उभी होते. रिंगा दिल्या नव्हत्या, द्यायच्याच नाहीत असं मनात होतं. तेवढ्यात माझाच फोन वाजला. पडद्यावर "घर". कामाच्या दिवशी घरून मला फोन कधीच आला नव्हता, वर्षभरात नाही आणि त्याआधीही नाही. दोनदा वाजेल, बंद होईल, म्हणून मी बघत राहिले. तो तिसऱ्यांदा वाजला. कालच्या धसक्याने बाबांना काही झालं, हेच डोक्यात. बस आली, लोक चढले, ड्रायव्हरने येतेस का म्हणून हात केला. मी त्या फोनकडे बघत उभी. उचलायची हिंमत होईना. वाजून बंद पडला. बस गेली. मग पुन्हा वाजायला लागला आणि मी उचलला.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"मी. दुसरं कोन असनार?" आई म्हणाली.

"बाबा बरे आहेत ना?"

"जेवून आडवे झालेत. घोरतायत."

"मग काय झालं?"

"मला करमत नाय," ती म्हणाली.

"हात्तिच्या! एवढंच ना? मला वाटलं…" मी बोलून गेले आणि माझी जीभ तिथेच अडकली. पलीकडे कावळा ओरडत होता, नळ गळत होता.

"हां," आई म्हणाली. "एवढंच."

"मग रविवारी बोलली का नाहीस?" मी चिडून विचारलं. रडायला यायला लागलं की मी चिडते. "एकदा तरी ये म्हणायचंस. वर्षभर वाट बघतेय मी."

"मी कशी म्हननार? रोज दुपारी तुझ्या दोन रिंगा येतात. धड हाय, धड हाय. सुरू केल्यापासून एक दिवस चुकवला नायस. धड असलेल्या पोरीला परत ये कसं म्हनायचं गं? उद्या तूच म्हनशील, बरं चाललं होतं, आईनं बोलावून वाटोळं केलं."

मी तापातल्या त्या तीन दिवसांचं तिला सांगितलं. तिने मला शिव्या घातल्या, आमच्याकडे घालतात तशा, माझ्या सगळ्या अकलेचा उद्धार करून. मी त्या पूर्ण ऐकून घेतल्या.

"मी धड नाही, आई," मी म्हटलं.

"मग ये," आई म्हणाली.

दुसरी बस आली. तीही मी जाऊ दिली.